पाटीवरची अक्षरे : सई परांजपे यांची दूरदर्शनवरील कारकीर्द

हळर्णपासून पेडण्यापर्यंतच्या मुलुखात वार्षिक जत्रेच्या रात्री देवळापुढे दशावतारी मंडळींचा दहीकाला रंगतो. गणपती येतो, ऋद्धिसिद्धी येतात, संकासुर येऊन लोकांना हसवून जातो आणि मग मध्यरात्रीनंतर आख्यानाला खरा रंग चढतो. या आख्यानाला लिखित संहिता नसते. मंडळीतील एखादा जाणता नट आत बसून कथेचा सांगाडा समजावून देतो, कोणी केव्हा प्रवेश करावयाचा ते ठरते, आणि बाकीचे संवाद नट आपापल्या बुद्धीने जागच्या जागी रचतात. उजाडता उजाडता हंडी फुटते, पेटारे उचलले जातात, आणि रात्री ज्यांनी शेकडो माणसांना जागे ठेवले ते बोल हवेत विरून जातात. पुढल्या वर्षी तेच आख्यान लागले तरी शब्द निराळे असतात. ज्याने ऐकले त्याच्या कानांत राहिले तेवढेच खरे.

विजेच्या बळावर चालणाऱ्या एका अगदी नव्या कलेच्याही वाट्याला आपल्या देशात आरंभीची काही वर्षे हेच प्राक्तन आले होते, असे सांगितले तर कोणाला नवल वाटेल. ती कला म्हणजे दूरचित्रवाणी. आज जिला आपण दूरदर्शन म्हणून ओळखतो तिच्या पहिल्या पिढीतील लेखक-दिग्दर्शकांनी जे निर्माण केले त्यातले पुष्कळसे दाखविताक्षणीच संपले. पाटीवर सुंदर अक्षर काढावे आणि पुढच्या तासासाठी ती पुसून ठेवावी, तसा तो प्रकार होता. या पुसल्या जाणाऱ्या पाटीवर ज्यांनी हात बसविला आणि पुढे तेच अक्षर टिकाऊ कागदावर उतरविले, अशा व्यक्तींमध्ये सई परांजपे यांचे नाव फार वरचे आहे. त्यांचे चित्रपट सर्वांना ठाऊक आहेत. परंतु त्या चित्रपटांचा उगम कोठे आहे इकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

भारतात दूरचित्रवाणीचा आरंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्ली येथे झाला. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते उद्‌घाटन झाले. हा सारा खटाटोप युनेस्कोच्या साहाय्याने, प्रयोग म्हणून मांडलेला होता. प्रक्षेपण दिल्लीच्या आसपास पंचवीस मैलांच्या टापूपलीकडे पोहोचत नसे आणि कार्यक्रम आठवड्यातून दोनदाच, तेही अल्प वेळ होत. घरोघरी संच नव्हते. लोक ठरावीक ठिकाणी एकत्र जमून कार्यक्रम पाहात. १९६१ पासून दिल्लीतील शाळांसाठी नियमित पाठ दाखविण्यास सुरुवात झाली. ज्या शाळांत प्रयोगशाळेची वानवा होती तेथील मुलांना विज्ञानाचे प्रयोग निदान डोळ्यांनी पाहता यावेत, हा त्यातील एक हेतू. म्हणजे आपल्याकडे हे यंत्र आले ते शिक्षकाच्या वेषात आले. करमणूक करणारा आणि त्याहून पुढे माल विकणारा असे त्याचे अवतार नंतरचे. रोजचे कार्यक्रम सुरू झाले ते १५ ऑगस्ट १९६५ पासून. गोमंतकात त्या काळी रेडिओ होता. पोर्तुगीज अमदानीतील 'एमिसोरा दे गोवा' जाऊन तेथे आकाशवाणीचे पणजी केंद्र आले होते. परंतु दूरचित्रवाणी ही वर्तमानपत्रात वाचावयाचीच गोष्ट होती.

दिल्लीच्या या पहिल्या प्रयोगात एक मराठी माणूस अगदी प्रारंभी हजर होता, ही गोष्ट येथे नमूद केली पाहिजे. पु. ल. देशपांडे १९५५ साली आकाशवाणीत गेले, १९५८ साली बी. बी. सी. मध्ये शिक्षण घेण्यासाठी इंग्लंडला गेले, आणि परत आल्यावर दिल्लीच्या दूरचित्रवाणी केंद्राचे पहिले निर्माते झाले. भारतीय दूरचित्रवाणीवर पंडित नेहरूंची मुलाखत घेणारे पहिले गृहस्थ तेच. त्या इंग्लंडच्या प्रवासाने मराठीला 'अपूर्वाई' दिली. दूरचित्रवाणीला मात्र पु. ल. फार काळ लाभले नाहीत. १९६१ पासून 'बटाट्याची चाळ'चे एकपात्री प्रयोग सुरू झाले आणि ते रंगभूमीचे झाले. ज्या गृहस्थाने 'गुळाचा गणपती' या १९५३ सालच्या चित्रपटात लेखन, संगीत, दिग्दर्शन आणि मुख्य भूमिका हे सर्व एकट्याने पेलले होते, त्याच्यासारखा मनुष्य या नव्या माध्यमाला आणखी दहा वर्षे मिळता तर काय झाले असते, असा विचार मनात आल्यावाचून राहात नाही.

तो पुढचा काळ सई परांजपे यांचा.

सईबाईंचा जन्म १९३८ सालचा. आजोबा रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले येऊन सीनिअर रँग्लर झालेले हे कोकणातले विद्यार्थी पुढे फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. महाराष्ट्रात शिक्षकाच्या व्यवसायाला जी प्रतिष्ठा लाभली तिच्यात त्यांचा वाटा मोठा आहे. आई शकुंतलाबाई परांजपे. संततिनियमनाचा प्रचार करणे म्हणजे लोकनिंदा ओढवून घेणे अशा काळात, र. धों. कर्वे यांच्या जोडीने, त्यांनी ते कार्य पत्करले. १९३७ सालच्या 'दुनिया ना माने' चित्रपटात त्यांनी भूमिकाही केली आणि पुढे राज्यसभेवर त्यांची नियुक्ती झाली. वडील रशियन चित्रकार होते. परंतु मुलीला वाढविले ते आईने आणि आजोबांनी. रँग्लरसाहेब १९४४ ते १९४७ या काळात ऑस्ट्रेलियात भारताचे हायकमिशनर होते, तेव्हा नातही काही काळ तिकडे राहिली. 'मुलांचा मेवा' हे तिचे पहिले पुस्तक प्रसिद्ध झाले तेव्हा लेखिकेचे वय आठ वर्षांचे होते! कौतुकाने छापलेली अशी पुस्तके पुष्कळ असतात आणि बहुधा त्यांचे लेखक मोठेपणी दुसरेच काही करतात. येथे तसे घडले नाही.

पुण्याच्या आकाशवाणी केंद्राचा आरंभ २ ऑक्टोबर १९५३ चा. तेथे निवेदिका म्हणून सईबाईंनी काम केले आणि मुलांच्या कार्यक्रमांत त्या रमल्या. ध्वनिक्षेपकापुढे काही काळ बसलेल्या माणसाला एक गोष्ट कायमची कळते. ऐकणारा मनुष्य समोर दिसत नाही, तो आपल्या घरात, आपल्या कामात असतो, आणि एखादे वाक्य लांबले की त्याचे लक्ष उडते. त्यांच्या पुढील सर्व लेखनात संवाद आटोपशीर आहेत. माणसे जशी बोलतात तशीच बोलतात. मुलांसाठी त्यांनी नाटके लिहिली, बसविली. अरुण जोगळेकर यांच्यासह पुण्यात बालरंगभूमी उभी केली. मुलांच्या नाटकाचा प्रेक्षक फार निष्ठुर असतो. त्याला कंटाळा आला तर तो शिष्टाचार म्हणून बसून राहात नाही, शेजाऱ्याला चिमटे काढू लागतो. रेडिओ आणि बालरंगभूमी या दोन शाळांनंतर तिसरी शाळा दिल्लीची. तेथील राष्ट्रीय नाट्यविद्यालयातून त्या १९६३ साली बाहेर पडल्या. इब्राहिम अल्काझी यांनी आदल्याच वर्षी विद्यालयाची सूत्रे हाती घेतली होती आणि त्यांची शिस्त कडक म्हणून प्रसिद्ध होती.

त्यानंतरची कित्येक वर्षे सईबाई दिल्लीच्या दूरचित्रवाणी केंद्रावर निर्मात्या-दिग्दर्शिका होत्या. त्या काळी हे काम म्हणजे नेमके काय होते, हे समजून घेतल्याशिवाय त्याची किंमत कळणार नाही.

चित्रपटात एकेक दृश्य सावकाश टिपता येते. चुकले तर पुन्हा घ्यावे, ऊन नसेल तर थांबावे, आणि सारे टिपून झाल्यावर संकलकाने निवांतपणे बसून तुकडे जुळवावे. दूरचित्रवाणीच्या त्या वेळच्या नाटकात यांपैकी काहीच नव्हते. नाटक स्टुडिओत प्रत्यक्ष चालू असे आणि त्याच क्षणी ते लोकांच्या घरी दिसत असे. दोन किंवा तीन कॅमेरे निरनिराळ्या कोनांतून रोखलेले असत. काचेपलीकडच्या नियंत्रणकक्षात प्रत्येक कॅमेऱ्याचे चित्र वेगवेगळ्या पडद्यावर उमटे, आणि त्यांतले कोणते चित्र या निमिषाला बाहेर जावयाचे याचा निर्णय दिग्दर्शकाने तोंडी द्यावयाचा. म्हणजे संकलनसुद्धा जागच्या जागी, नाडीच्या ठोक्याबरोबर! खाली रंगमंचावर व्यवस्थापक कानाला श्रवणयंत्र लावून हाताच्या खुणांनी नटांना सूचना देतो आहे, एका कोपऱ्यात एक प्रवेश चालू असताना दुसऱ्या कोपऱ्यात नट कपडे बदलून दुसऱ्या प्रवेशात जाऊन उभा राहतो आहे, दिव्यांच्या उष्णतेने सारे घामाघूम झाले आहेत, आणि या सगळ्यात कोणी खोकता कामा नये. एखादा नट वाक्य विसरला तर ते विसरणे दिल्लीभर दिसे. ध्वनिचित्रफिती आल्यानंतरही त्या महाग होत्या. तेव्हा एका कार्यक्रमाची फीत पुसून तीच दुसऱ्यासाठी वापरण्याची काटकसर पुढे दीर्घकाळ चालू राहिली. पैशांच्या हिशेबात ती काटकसर बरोबर असेल. संस्कृतीच्या हिशेबात ती फार महाग पडली.

अशा स्थितीत लेखक एक, दिग्दर्शक दुसरा आणि संकलक तिसरा, ही चैन परवडणारी नव्हती. आठवड्याची वेळ भरून काढावयाची तर ज्याला सुचेल त्यानेच लिहावे, त्यानेच बसवावे आणि त्यानेच पडद्यावर जुळवावे. सईबाईंनी तेच केले. नाटुकली, मुलांचे कार्यक्रम, माहितीपट, सारे काही. कोणाला ही वेठबिगारी वाटेल. पण हात तयार होतो तो अशाच कामाने. उद्या सायंकाळी अमुक वाजता काहीतरी दाखवावयाचेच आहे, हे बंधन पाठीशी असल्यावर प्रतिभेची वाट पाहात बसण्याची सोय उरत नाही. रोज तास घेणाऱ्या शिक्षकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही.

त्यांच्या दिल्लीतील एका दूरचित्रवाणी-नाटकाचे नाव होते 'धुआँ धुआँ'. एका खोलीत भाड्याने राहणारे, सिगारेटी ओढीत बसणारे तरुण आणि त्यांच्या बढाया, असा त्याचा मसाला. नाटक झाले, संपले. परंतु लेखिकेने ते मनात ठेवले, आणि पुढे १९८१ साली त्याचाच 'चश्मेबद्दूर' हा चित्रपट झाला. फारुख शेख, रवी बासवानी आणि राकेश बेदी हे तीन मित्र, सईद जाफरी यांचा पानवाला लल्लनमियाँ, आणि दारोदार साबणाची भुकटी विकणारी दीप्ती नवल. त्यातला एक प्रसंग आजही लोक एकमेकांना सांगून हसतात. मुलगी दार वाजवून आत येते, बादलीत मळके फडके बुडविते आणि आपल्या 'चमको' भुकटीचे गुण पाठ केल्याप्रमाणे सांगू लागते. हा विनोद वरवरचा नाही. सरकारी दूरदर्शनवर जाहिरातींना १ जानेवारी १९७६ पासून प्रवेश मिळाला होता, आणि साबणाच्या भुकटीची तीच ती स्तुती घराघरांत ऐकू येऊ लागली होती. जी बाई ते यंत्र शिक्षकाच्या वेषात असताना त्यावर काम करीत होती, तिने त्याचा हा विक्रेत्याचा वेष पाहिला आणि रागावण्याऐवजी त्याची अशी गोड थट्टा केली. तीन मित्रांच्या खोलीतील प्रवेशही लक्ष देऊन पाहावेत. भिंती जवळ, माणसे जवळ, कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यांशी. ही लहान पडद्याची शिकवणूक आहे. लहान पडद्यावर पर्वत आणि सैन्ये दिसत नाहीत. तेथे दिसतो तो माणसाचा चेहरा.

याहून अधिक मोलाचे उदाहरण 'स्पर्श'चे. दिल्लीत अंधांसाठी चालणारी एक जुनी शाळा आहे, ब्लाइंड रिलीफ असोसिएशनची. दूरचित्रवाणीच्या कामामुळे अंधांच्या जगाशी सईबाईंचा परिचय झाला आणि या विषयावर त्यांनी आधी त्या लहान पडद्यासाठीच लिहिले. पुढे त्यातून चित्रपट निघाला. नायक अनिरुद्ध हा अंधशाळेचा अंध मुख्याध्यापक. त्याची रेखा त्या दिल्लीच्या शाळेतील एका प्रत्यक्ष मुख्याध्यापकावरून घेतलेली होती आणि चित्रीकरणही बहुतांशी त्याच शाळेत झाले. मुले खरी त्या शाळेतली.

आपल्याकडे अंध व्यक्ती नाटका-चित्रपटांत यायची ती बहुधा दोनच रूपांत. एक तर दया उपजविण्यासाठी, नाहीतर शेवटी चमत्काराने डोळे येण्यासाठी. अनिरुद्ध या दोहोंपैकी काहीच नाही. तो ताठ आहे, तापट आहे, कधीकधी अन्यायी आहे. त्याला मदत नको असे नाही. मदतीला चिकटून येणारी कीव त्याला नको आहे. 'बिचारा' हा शब्द तो सहन करीत नाही. आणि कविता नावाची विधवा स्त्री त्याच्या शाळेत मुलांना गाणी-गोष्टी शिकवावयास येते, दोघांचे मन जुळते, विवाह ठरतो, तेव्हा याच अभिमानाचा काटा त्याला टोचू लागतो. ही आपल्यावर प्रेम करते आहे, की आपल्यासाठी त्याग करून स्वतःच्या दुःखाला काही अर्थ मिळवून देते आहे? देणाऱ्याच्या मनात शिरणारा सूक्ष्म अहंकार आणि घेणाऱ्याच्या मनातील सूक्ष्म अपमान, यांवर इतक्या हळुवारपणे बोट ठेवणारी कथा हिंदी पडद्यावर फार नाही. परोपकाराच्या संस्थांतून काम करणाऱ्या प्रत्येकाने हा चित्रपट एकदा पाहावा. शेवट जरा घाईने मिटविला आहे असे वाटते, एवढा उणेपणा सांगून ठेवण्यास हरकत नाही. नसीरुद्दीन शहा आणि शबाना आझमी यांच्या भूमिका अशा उतरल्या आहेत की नटांची आठवण राहात नाही.

शाळेच्या मुलांकडे कॅमेरा कसा पाहतो तेही पाहण्याजोगे आहे. ती हसतात, भांडतात, खोड्या काढतात, नाटक बसवितात. त्यांच्याकडे पाहून कोणी डोळे टिपावेत अशी योजना कोठेही नाही. स्वतः अंध असलेल्या लुई ब्रेलने पॅरिसच्या अंधशाळेत विद्यार्थी असतानाच, वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास, ठिपक्यांची लिपी सिद्ध केली आणि पुढे त्याच शाळेत तो शिक्षक झाला. त्या परंपरेचे आत्मभान या शाळेच्या चित्रणात दिसते.

'स्पर्श'ला १९७९ सालच्या चित्रपटांमधील उत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पटकथेचा पुरस्कार सईबाईंना आणि अभिनयाचा नसीरुद्दीन यांना मिळाला. परंतु लोकांपर्यंत पोहोचण्यास चित्रपटाला काही वर्षे रेंगाळावे लागले. त्यामुळे फिल्मफेअरचे उत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन आणि संवाद यांचे पुरस्कार त्याच्या वाट्याला आले ते १९८५ साली! दूरचित्रवाणीवर एका संध्याकाळी लिहून दाखवून मोकळे होणाऱ्या लेखिकेला टिकाऊ माध्यमाचाही असा एक जाच भोगावा लागला.

आता थोडे मागे वळले पाहिजे, कारण १९७२ हे साल या कारकीर्दीत महत्त्वाचे आहे. त्या वर्षी 'द लिटल टी शॉप' या त्यांच्या दूरचित्रवाणी-चित्रपटाला तेहरान येथे आशियाई प्रक्षेपण संघाचे पारितोषिक मिळाले. तेरा वर्षे वयाच्या आणि जेमतेम एका शहरापुरत्या चालणाऱ्या दूरचित्रवाणीला बाहेरच्या जगात असा मान मिळणे ही लहान गोष्ट नव्हती. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मुंबईचे केंद्र सुरू झाले. दिल्लीनंतरचे हे देशातील दुसरे केंद्र; आणि त्याच्या उद्‌घाटनाचा कार्यक्रम उभा करण्यासाठी निवड झाली ती सई परांजपे यांची. पुण्याचे आकाशवाणी केंद्र जेथून सुरू झाले तीच गांधीजयंतीची तारीख, एकोणीस वर्षांनंतर. मुंबई केंद्राने पुढे मराठी नाटके, मुलाखती, बालकार्यक्रम यांची जी समृद्ध परंपरा निर्माण केली ती स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. तेथेही फिती पुसल्या गेल्याच.

मुलांच्या चित्रपट-संस्थेचे, म्हणजे चिल्ड्रन्स फिल्म सोसायटीचे, अध्यक्षपद सईबाईंनी दोनदा सांभाळले आणि याच दशकात 'जादू का शंख', 'सिकंदर' असे बालचित्रपट केले. इकडे दूरदर्शनचे घर बदलत होते. १९७५-७६ साली उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत एक वर्षभर कार्यक्रम दाखविण्यात आले, १ एप्रिल १९७६ रोजी दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे झाले, १९८२ साली रंग आले, आणि १९८४ साली 'हम लोग'पासून मालिकांचे युग सुरू झाले. सईबाईंनीही 'अडोस पडोस' आणि 'छोटे बडे' या मालिका केल्या. आता त्या नोकर नव्हत्या, बाहेरून येणाऱ्या निर्मात्या होत्या. कार्यक्रम फितीवर राहू लागला होता. शेजारपाजार, चाळ, लहान-मोठ्यांचे रुसवे हे त्यांचे आवडते क्षेत्र तेथेही सुटले नाही.

चाळीचे चित्रण सर्वांत चांगले झाले आहे ते 'कथा' या १९८३ सालच्या चित्रपटात. 'ससा आणि कासव' या मराठी नाटकावरून तो घेतलेला. कासव म्हणजे चाळीत राहणारा, कचेरीत इमानाने काम करणारा राजाराम. ससा म्हणजे एक दिवस त्याच्या खोलीत येऊन बिऱ्हाड थाटणारा गोडबोल्या बाशू. लहानपणी शिकलेल्या गोष्टीत कासव जिंकते. येथे ते जिंकते की नाही, हे प्रेक्षकाने ठरवावयाचे. राजारामाला शेवटी जे मिळते ते सशाने टाकून दिलेले आहे, आणि तरीही त्याच्या चेहऱ्यावर पराभव नाही. विनोदी म्हणून गणल्या गेलेल्या या चित्रपटात हा एवढा कडवटपणा लपविलेला आहे. चाळीच्या गॅलरीत एकाच वेळी चालणारे चार-पाच व्यवहार त्यांनी जसे जुळविले आहेत त्यावरून नियंत्रणकक्षात तीन पडद्यांकडे एकदम पाहण्याची जुनी सवय कामी आली असावी असे वाटते. या चित्रपटालाही उत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

पुढील कामांचा उल्लेख ओझरता केला तरी चालेल. मुंबईच्या गिरण्यांत खपणाऱ्या खेडुतांची 'दिशा' (१९९०) गंभीर आहे आणि काही ठिकाणी संथही. परंतु एका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या गिरणी-कामगारांचे त्यातील दर्शन आणि गावी राहून वर्षानुवर्षे विहीर खणीत बसलेला ओम पुरींचा शेतकरी विसरता येत नाहीत. 'पपीहा', 'साझ' हे त्यानंतरचे. त्यांत पूर्वीची सहजता तितकी नाही, असे प्रामाणिकपणे म्हणावे लागते. माहितीपटांकडे मात्र त्या पुन्हा पुन्हा वळल्या. गावातील दारूच्या प्रश्नावरील 'चूडियाँ'ला सामाजिक विषयासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार १९९३ च्या सुमारास मिळाला. मराठी रंगभूमीवर 'जास्वंदी', 'सख्खे शेजारी', 'माझा खेळ मांडू दे' ही त्यांची नाटके आली. २००६ साली पद्मभूषण हा सन्मान त्यांना लाभला. आईला तोच सन्मान १९९१ साली मिळाला होता.

या सर्व कारकीर्दीत एक गोष्ट सहज नजरेआड होते. ज्या काळात त्यांनी दिल्लीच्या नियंत्रणकक्षात बसून कॅमेऱ्यांना हुकूम सोडले त्या काळात चित्रपटाच्या दिग्दर्शनात भारतीय स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. चित्रपटसृष्टीत भांडवल लागे, ओळखी लागत, आणि स्त्रीच्या हाती पैसा सोपविण्यास सहसा कोणी धजत नसे. सरकारी दूरचित्रवाणी गरीब होती, अल्पज्ञात होती, तिच्यातून कोणाला धन मिळणार नव्हते. आणि कदाचित म्हणूनच तेथे एका नाट्यविद्यालयातून आलेल्या तरुणीला लिहावयास, बसवावयास आणि चुकावयास मोकळीक मिळाली. 'धुआँ धुआँ' चुकले असते तर नुकसान एका संध्याकाळचे झाले असते. अशी जागा तिला मिळाली नसती तर 'चश्मेबद्दूर' लिहिणारा हात कोठे तयार झाला असता, हा प्रश्न आजच्या श्रीमंत वाहिन्यांच्या चालकांनी स्वतःला विचारण्यासारखा आहे. तेथे प्रत्येक मिनिटाची किंमत आधी ठरते, आणि चुकण्यासाठी राखून ठेवलेली मिनिटे कोणाच्याच हिशेबात नसतात.

५ एप्रिल २०१३ रोजी एक मौजेची गोष्ट घडली. 'चश्मेबद्दूर'ची दुसऱ्या दिग्दर्शकाने केलेली नवी आवृत्ती त्या शुक्रवारी देशभर प्रदर्शित झाली, आणि त्याच शुक्रवारी सईबाईंचा बत्तीस वर्षांपूर्वीचा मूळ चित्रपट, त्याची प्रत नव्याने स्वच्छ करून, चित्रगृहांत परत आणण्यात आला. ज्यांनी तो लहानपणी पाहिला होता ते आपल्या मुलांना घेऊन गेले. त्याही आधीचे 'धुआँ धुआँ' ज्यांनी पाहिले होते ते मात्र तेव्हाच्या दिल्लीतील थोड्याशा घरांमधले लोक.

तीन वर्षांनी, २०१६ साली, सई परांजपे यांनी आपल्या रेडिओ, रंगभूमी, दूरदर्शन आणि चित्रपट या चारही क्षेत्रांतील प्रवासाची हकीकत मराठीत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. पुस्तकाला नाव दिले 'सय'. त्यात त्यांचे स्वतःचे नाव आहे, आणि कोकणातल्या कोणत्याही आजीला विचारले तर ती सांगेल, सय म्हणजे आठवण.